तांब्या माझ्या उशाशी

माझी धाकटी बहीण दिवसभर लघवी धरून ठेवायची, आणि याचं आमच्या घरात भारी कौतुक होतं. आता कोणाला सांगितलं तर हसतात. पण तेव्हा पिंपळगाव राजात आमच्या आळीत कोणाच्याच घरी संडास नव्हता. बायका-मुली पहाटे उजाडायच्या आत पांदणीत जायच्या, आणि मग एकदम दिवेलागणी झाल्यावर. मधला सगळा दिवस बाई मळ्यात खुरपणार, बाजारात भाजी विकणार, चूल सांभाळणार, आणि धरून ठेवणार. ज्या पोरीला हे लहानपणीच जमलं ती शहाणी. जिला जमलं नाही ती मी.

मला धीरच नव्हता. वांग्याच्या वाफ्यात खुरपं हातात घेतलं न घेतलं की मी कुंपणाआड पळायची. थोडीशीच व्हायची, आग आग व्हायची, आणि परत येऊन बसले की पुन्हा तेच. माय म्हणायची, कामचुकार आहे, निमित्त काढते. आणि रात्रीचं तर विचारूच नका. रोज सकाळी माझी गोधडी विहिरीच्या थारोळ्यावर वाळत पडलेली असायची. बाजाराच्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायची. तिच्याकडं बघून कोणीही विचारायचं नाही की कोणाची आहे. सगळ्यांना माहीत होतं.

धाकटी माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान. तिची गोधडी कोरडी. तिचा फ्रॉक कोरडा. तिचे गाल वर आलेले, वेणी जाड. मी कायम तापानं उतरलेली, कानामागं घामोळं, तोंडाला चव नाही. बाजारात मायजवळ भाजी घ्यायला येणाऱ्या बायका धाकटीच्या हनुवटीला हात लावायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, हिले काऊन लागून राह्यलं नाही अंगाले? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं, हिच्या गालातलं थोडं ओरबाडून आपल्याला लावता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण गालांवर मी जळले त्याच्या दहापट पाण्यावर जळले. माझं गोधडी भिजवणं बंद व्हावं म्हणून मायनं साधा उपाय काढला होता. दिवा लागला की माझं पाणी बंद. माठावर तांब्या पालथा घालून ठेवायची आणि त्याच्याकडं पाठ करून स्वतः बसायची. आळीतल्या सगळ्या बायांनी हाच उपाय सांगितला होता, आणि प्रत्येकीच्या माहेरी कोणीतरी त्यानं सुधारलं होतं. धाकटी दिवसा पाण्याला शिवायची नाही. पाणी पिलं की धरवत नाही हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मग संध्याकाळी मळ्यातून आली की माझ्यासमोर उभी राहून तांब्या तोंडाला लावायची. घटघट घटघट, मुद्दाम गळ्याचा आवाज करत. एक डोळा माझ्यावर. पिऊन झालं की हनुवटीवरचं पाणी मनगटानं पुसायची आणि हसायची.

बाबा मोट हाकायचे. सोंडेतून पाणी थारोळ्यात धबधब पडायचं, दांडातून पळत वाफ्यात जायचं, मेथी पीत होती, कांदा पीत होता, वांगी पीत होती. मी जिभेनं ओठ चाटत दांडाच्या कडेला बसायची. मला त्या वांग्यांचाही राग यायचा. त्यांना कोणी दिवेलागणीचा नियम लावला नव्हता.

ताप महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आधी हुडहुडी भरायची, दात वाजायचे, अंगावर घरातली सगळी पांघरुणं टाकली तरी थंडी जायची नाही, आणि मग अंग फुफाट्यासारखं तापायचं. सगळे म्हणायचे हिवताप. तेव्हा थंडी वाजून आलेला प्रत्येक ताप हिवतापच असायचा. कडू गोळ्या मिळायच्या, ताप चार-पाच दिवसांनी उतरायचा, मायला वाटायचं गोळीनं उतरला. कुशीत दुखतं असं मी सांगायची, तर म्हणे झोपताना अंग अवघडलं असेल. लघवीची आग व्हायची तिला उन्हाळी म्हणायचे आणि पायाच्या अंगठ्याला चुना लावायचे. माझे अंगठे पांढरेफटक. शाळेत पोरी विचारायच्या, अंगठे रंगवले का वं?

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला तेव्हा मी बिगरीत होते. चौथीत गेले त्या पावसाळ्यात ताप उतरलाच नाही. मी बरळायला लागले. तेव्हा बाबांनी मला खामगावला नेलं. तिथल्या डॉक्टरनं माझी लघवी काचेच्या नळीत घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नळीतलं पाणी नासक्या दुधासारखं फुटलं. डॉक्टरनं ती नळी बाबांना दाखवली आणि म्हणाला, हा हिवताप नाही, हिला नागपूरला न्या, उशीर करू नका.

घरी आल्यावर मायनं पदर डोळ्याला लावला. मी मात्र आतून खूश होते. नागपूर! आगगाडी! आणि बाबा एकट्या माझे! धाकटी रुसून बसली, म्हणाली मीही येते. तिला कोणी नेलं नाही. गाडीत बाबांनी मला खिडकीजवळ बसवलं, फुटाणे घेऊन दिले, आणि तहान लागली म्हटलं की प्रत्येक स्टेशनवर पाणी आणून दिलं. मी ते सगळं नीट लक्षात ठेवलं, परत जाऊन धाकटीला सांगायला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझी फजिती झाली. मला थंडगार टेबलावर झोपवलं, लघवीच्या जागेतून बारीक नळी घातली आणि औषधाचं पाणी आत सोडलं. मी किंचाळले. मग डॉक्टर, नर्स आणि एक्स-रेचा फोटोवाला माणूस, तिघं मिळून मला म्हणायला लागले, कर बाळ, आता इथंच कर, आम्हाला फोटो काढायचा आहे. जन्मभर ज्यासाठी मार खाल्ला ते तीन मोठी माणसं हात जोडून मागत होती, आणि माझ्याकडून होईना! तीन परक्या माणसांसमोर, दिवसाढवळ्या, टेबलावर. मायचा चेहरा डोळ्यासमोर आला. शेवटी नर्सनं कोपऱ्यातला नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकला आणि माझा बांध फुटला. फोटोवाला म्हणाला, शाबास. त्या गोष्टीसाठी मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

डॉक्टरनं काळा फोटो उजेडासमोर धरून बाबांना समजावलं. लघवीच्या पिशवीत उतरणाऱ्या नळ्यांना तोंडाशी झडप असते. माझी झडप नीट लागत नव्हती. लघवी खाली जायच्या ऐवजी अर्धी उलटी वर चढत होती, थेट किडनीपर्यंत, आणि सोबत जंतू घेऊन जात होती. दर तापाला किडनीचा एक तुकडा करपत होता. बाबा फोटो बघून म्हणाले, म्हणजे वाफ्याचं तोंड उघडं राहिलं अन् पाणी उलटं दांडात आलं. डॉक्टर म्हणाला, बरोबर तसंच. उजवी किडनी सुकून सुपारीएवढी झाली होती. डावी अजून चांगली होती. ती सांभाळायची तर रोज गोळी, भरपूर पाणी, आणि लघवी कधीही, कधीही धरून ठेवायची नाही. झाली की थोडं थांबून पुन्हा बसायचं, पिशवी पार रिकामी करायची. पोर मोठी होईल तशी झडप सुधारेलही, म्हणाला.

मग त्यानं विचारलं, घरात आणखी मुलं आहेत का. बाबांनी धाकटीचं सांगितलं.

"तिलाही एकदा घेऊन या," डॉक्टर म्हणाला. "एका घरात दोघींना असू शकतं."

बाबा हसले. "तिले काई नाई साहेब. ते तं दिवसभर धरून ठेवते."

डॉक्टरचा लिहिता हात थांबला. त्यानं बाबांकडं बघितलं आणि सावकाश म्हणाला, "म्हणूनच आणा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी येऊन मायला सांगणारीही मीच. आणि कसं सांगितलं! तिलाही ती नळी घालणार आहेत, तिलाही टेबलावर सगळ्यांसमोर करायला लावणार आहेत, असं नाचून सांगितलं. मला खरंच वाटत होतं की तिलाही न्यावं. तिचे गाल जरा उतरावेत, तिची गोधडी नाही तर निदान एक फोटो तरी खराब निघावा. धाकटी फणकारली. "मी काय तिच्यासारखी मुतरी आहो?" एवढं म्हणून ती मळ्यात निघून गेली. माय म्हणाली, कांदा निघू दे, मग पाहू. कांदा निघाला. मग मेथीचा हंगाम आला. मग लग्नसराई. शेवटी मायनं बाबांना स्पष्टच सांगितलं की चांगल्या पोरीला नळ्या घालून आणल्या तर आळीत काय बोलतील, एक फुटकी आहेच, दुसरीही फुटकी निघाली म्हणतील. बाबांनी तिला न्यायचं पुन्हा काढलं नाही.

माझे दिवस मात्र पालटले. बाबांनी घरामागं माझ्यासाठी तुराट्यांचा आडोसा बांधला, दिवसा केव्हाही जायला. माझ्या उशाशी तांब्याचा तांब्या आला, काठोकाठ भरलेला. मायला रोज संध्याकाळी तो भरून ठेवावा लागायचा. ज्या हातानं ती माठावर तांब्या पालथा घालायची त्याच हातानं. धाकटी बघत राहायची. मी सावकाश प्यायची, घोट घोट, तिला दिसेल असं. आता तिची जळायची पाळी होती आणि मी ती चांगली चाखून घेतली. आडोसा सगळ्यांसाठी मोकळा होता. पण धाकटी त्यात कधी गेली नाही. ते माझ्यासारखीचं ठिकाण होतं. ती तिच्या जुन्या नियमानं पहाटे आणि दिवेलागणीनंतरच जायची, आणि माय अजूनही तेच कौतुक करायची.

गोळ्यांनी माझे ताप थांबले. आणि मग मला धाकटीचे दिसायला लागले. आम्ही दोघी एकाच पथारीवर झोपायचो, मला नाही दिसणार तर कोणाला? वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी तिला हुडहुडी भरायची. ती कोणाला सांगायची नाही, गोधडीत तोंड घालून दात दाबायची, आणि दोन दिवसांत उठून कामाला लागायची. खुरपताना एक हात कुशीवर ठेवायची. अंगठ्याला स्वतःच चुना लावायची, वर पायावर माती चोळायची म्हणजे दिसू नये. मी मायला सांगितलं. एकदा नाही, कितीदा. तिला नागपूरला न्या, हे माझ्यासारखंच आहे.

"तुले तिचं चांगलं पाह्यवत नाही," माय म्हणाली. "माहीत हाये मले."

तिचं चांगलं मला पाहवत नव्हतंच. ते सगळ्या आळीला माहीत होतं. म्हणून मी खरं बोलले तरी ते जळण्यातच जमा व्हायचं.

मग लग्नाचं आलं. हिवरा आश्रमाकडचे पाहुणे आले ते खरं तर मला बघायला, मी थोरली. मी चहा दिला, धाकटीनं पोहे दिले. पाहुण्यांना गावातून आधीच कळलं होतं की थोरली रोज गोळी खाते आणि तिची एक किडनी गेलेली आहे. उठताना त्यांनी धाकटीला मागणी घातली. मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, लगेच हो म्हणाली. त्या लग्नात मी हळद दळली, रुखवतातल्या कुरड्या घातल्या, तिच्या हिरव्या चुड्याकडं बघून दात खाल्ले. लोक म्हणाले, थोरलीच्या डोळ्यांत पाणी बघा, बहीण जाते म्हणून. कसलं आलंय बहीण जाते म्हणून! माझ्या आधी जाते म्हणून होतं ते.

धाकटीला सासरी पोचवायला गेलेला मुऱ्हाळी परत आला तो सासूचे शब्द घेऊन आला. एवढ्या लांबचा रस्ता, आधी बैलगाडी, मग बस, मग पुन्हा बैलगाडी, पण नवरी एकदाही उतरते म्हणाली नाही. कसं वळण लावलं आहे मायनं, असं सासू बोलली म्हणे. माय दिवसभर आळीत हे सांगत फिरली. मी आडोशात जाऊन बसले आणि रडले.

वर्षभरानं धाकटी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बैलगाडीतून उतरली तेव्हा आळीतल्या बाया म्हणाल्या, माय वं, काय भरली पोरगी! चेहरा गोल झालेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या, पाय लोण्यासारखे. मायनं दृष्ट काढली. हिला सगळंच कसं मिळतं? नवरा, चुडा, मूल आणि वर हे अंग. ती पथारीवर टेकली, मी तिच्या पायात तोडे घालून बघू म्हणून पाऊल हातात घेतलं. माझा अंगठा तिच्या घोट्यात रुतला. काढला तर तिथं खड्डा तसाच राहिला. नागपूरला दर वर्षी तपासायला जायची तेव्हा तिथल्या बाकांवर मी असे पाय बघितले होते. ते अंग भरलेलं नव्हतं. ती सूज होती.

मी ओरडून मायला बोलावलं. मायच्या तोंडावर तेच आलं, की पुन्हा सुरू झाली ही. पण या वेळी बाबांनी गुडघे टेकून स्वतः धाकटीच्या पायावर बोट दाबलं, आणि बोट काढून खड्ड्याकडं बघत राहिले. धाकटीनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं, डोळ्यांसमोर काजवे येतात म्हणाली. आम्ही तिला बुलढाण्याला नेलं. तिथं पोहोचेपर्यंत तिला आकडीचा झटका आला. बाळ वाचलं नाही. ती वाचली. पुढं नागपूरला तिचा फोटो निघाला, आठ वर्षं उशिरानं. तिच्या दोन्ही नळ्यांची तोंडं उघडी होती. दोन्ही किडन्या सुकलेल्या होत्या. माझी एक तरी उरली होती, कारण मी गोधडी भिजवून, रडून, बोंबलून सगळ्यांना जेरीस आणलं होतं. तिनं सगळं निमूट धरून ठेवलं होतं.

डॉक्टरनं सांगितलं की आता लघवी फार थोडी होते, म्हणून आत जाणारं पाणीही मोजकंच हवं. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. जास्त पाणी गेलं तर छातीत भरेल. आणखी काय करता येईल असं बाबांनी विचारलं. आमच्या आवाक्यातलं तेव्हा काही नव्हतं. सासरच्यांनी तिला आमच्याकडंच ठेवलं.

वैशाख होता. माय पुन्हा माठावर तांब्या पालथा घालून, पाठ करून बसायला लागली. या वेळी धाकटीसाठी. ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायची, पदरानं वारा घालायची, केसांतून हात फिरवायची. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं की माझ्या तापात ही अशी कधी बसली नाही. मरणाच्या दारात टेकलेल्या बहिणीवरही मला जळता येत होतं. सवय जात नाही.

माझ्या पाण्याचं मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला दिवसभर प्यावं लागायचं, नाही तर माझी उरलेली किडनी गेली असती. मी तांब्या तिच्या खोलीतून उचलून मागच्या अंगणात ठेवला. तिथं भिंतीआड उभी राहून चोरासारखी पाणी प्यायची, तोंड पुसून आत यायची. दोन-तीन दिवस तिनं काही विचारलं नाही.

एका दुपारी माय बाजाराला गेली होती. धाकटी डोळे मिटून पडली होती. गाल आता उतरले होते, माझ्यापेक्षाही खाली. मी हलकेच उठले तशी ती म्हणाली, "बाई, कुठं चालली? पाणी प्यायले ना?"

मी नाही म्हणाले.

"तांब्या इथं आण."

मी म्हटलं, नको वं, डॉक्टरनं सांगितलं आहे, मी तुला देऊ शकत नाही. ती म्हणाली, मला नकोच आहे. मी तांब्या आणला. काठोकाठ भरलेला होता, खाली ठेवताना थोडं जमिनीवर सांडलं. ती त्या ओल्या डागाकडं बघत होती. ती नजर मला चांगली ओळखीची होती. दांडाच्या कडेला बसून मी वांग्यांकडं तसंच बघायची.

"पी," ती म्हणाली. "माह्यासमोर पी. मले पाह्यू दे."

मी तांब्या तोंडाला लावला. कसाबसा एक घोट घेतला, आवाज होऊ न देता.

"तशी नोको," ती म्हणाली. "आवाज करून पी. मी पेत होती तशी."

मी डोळे मिटले आणि घटघट घटघट, गळ्याचा मोठा आवाज करत, एका दमात अख्खा तांब्या प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. डोळे उघडले तेव्हा ती माझ्या गळ्याकडं बघत होती, आणि तिचा स्वतःचा कोरडा गळा वरखाली होत होता.